गोठ्याची ब्रुसेला तपासणी केली, चार गाई पॉझिटिव्ह. आता पुढे काय?

नीरेकाठचा

मंडळी नमस्कार. या विभागात दूध दर आणि मुरघास सोडून फारसं कुणी लिहीत नाही, पण वाचणाऱ्यांत जाणकार आहेत हे माहीत आहे म्हणून ब्रुसेला, म्हणजे जनावरांचा गर्भ पाडणारा संसर्गजन्य रोग, त्यावर धागा काढतोय.

गोठा फलटण तालुक्यात. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकर गाई, कालवडी धरून सोळा दावणीला. दिवाळीनंतर एक गाय सातव्या महिन्यात गाभडली, वार अडकली. वाटलं, शेजारच्या गाईनं ढुशी दिली असेल. पुढे तिच्या शेजारची पहिलारू, तीही सातव्यातच. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता अंदाज बास, सगळ्या गोठ्याचं रक्त तपासू. मानेच्या शिरेतून नमुने घेतले, बर्फाच्या डब्यातून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवले. रोज बेंगॉल चाचणीत पाच आल्या, त्यातल्या चार एलायझातही पॉझिटिव्ह.

चारांत गाभडलेल्या दोन आहेतच. उरलेल्या दोन मात्र दिसायला एक नंबर. त्यातली एक वेळेला दहा लिटरच्या खाली येत नाही, आजवर तिनं कधी गाभ टाकला नाही. तिच्या अंगात रोग आहे हे कागद बघून सुद्धा पटत नाही.

औषध आहे का? दूध डेअरीला घालायचं का नाही? आणि या चौघींचं करायचं काय? हेडीचा (जनावरांच्या दलालाचा) फोन येऊन गेला. रिपोर्ट माझ्या हातात पडायच्या आधी त्याला कुठनं कळतं, देव जाणे.

पंचगंगेचा_पैलवान

भावा, इतका इचार कशाला करतोस. त्या दोन चांगल्या दिसत्यात न्हवं? बाजार दाखव त्यास्नी. लै झालं तर धा-पंधरा हजार कमी येतील. आमच्याकडं सगळी असंच करत्यात. घोडेगाव, काष्टी, लोणी, कुठल्या बाजारात कोण रक्ताचा रिपोर्ट मागतंय? सड बघत्यात, दात बघत्यात, कास बघत्यात.

शुभांगी_स

@पैलवान, तुम्ही म्हणता तशीच एक गाय माझ्या भावाने घेतली. व्यापाऱ्याने सांगितलं, दुसऱ्या वेताची, चार महिन्यांची गाभण, मालकाला पैशांची नड आहे म्हणून काढतोय. दोन-अडीच महिन्यांत गाभडली. वहिनीने हाताने वार ओढली, मेलेलं वासरू टोपलीत घालून उकिरड्यावर नेऊन टाकलं, तिथून कुत्र्यांनी रानभर केलं. पुढच्या वर्षभरात गोठ्यातल्या तीन गाभडल्या.

आणि वहिनीला ताप. रोज संध्याकाळी अंग मोडून यायचं, रात्री उशी घामाने भिजायची, सकाळी बरं वाटायचं की परत धारा काढायला. आधी टायफॉइड म्हणून गोळ्या, मग मलेरिया म्हणून, मग कंबर धरली तेव्हा मणक्याचा टीबी असेल म्हणून एमआरआय. एका डॉक्टरने सोडून कुणी विचारलं नाही की घरी जनावरं आहेत का. त्या एकाने विचारलं आणि ब्रुसेलाचं निदान झालं. कर्ज आणि दुखणं दोन्ही त्या एका गाईबरोबर आलं. "बाजार दाखव" म्हणणं सोपं असतं.

पंचगंगेचा_पैलवान

ताई, तुमचं खरं हाय. पर मग गरिबानं करायचं काय? ऐंशी-नव्वद हजाराची गाय हाय. ती काय भिंतीला टांगून ठेवायची?

निवृत्त_पशुधन

बरीच वर्षं पशुवैद्यकीय दवाखान्यात काढली, त्यातलं बरंचसं या एका रोगापायी वाईट वाटण्यात गेलं. सावकाश लिहितो.

नीरेकाठचे, आधी औषधाचं. जनावरात यावर उपचार नाही असंच धरा. जंतू पेशींच्या आत बसतो, कासेत आणि लिम्फ गाठींत मुक्काम करतो. प्रतिजैविकं टोचून पैसे जातील, दूध फेकावं लागेल, आणि गाय पॉझिटिव्हच राहील. कुणी पंधरा इंजेक्शनांचा कोर्स सांगितला तर नको म्हणा.

आता तुमची ती न गाभडलेली गाय. या रोगात गाय साधारण पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकते, पण बहुतेक गाई एकदाच टाकतात. पुढचं वेत दिवस भरून होतं. मालक म्हणतो गाय सुधारली. तिच्या वारेत, वेल्यावर जाणाऱ्या सोटात (स्रावात) आणि दुधात जंतू जातच असतो. काही गाई तर एकदाही गाभडत नाहीत आणि आयुष्यभर जंतू सोडतात. गाभडलेल्या गाईला सगळे बिचकतात, हिच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहायला घाबरत नाही. म्हणून फक्त गाभडलेल्या जनावराचं रक्त न घेता अख्ख्या गोठ्याचं घ्यायचं असतं. तुमच्या डॉक्टरांनी ते केलं, त्यांना माझा नमस्कार सांगा.

उरलेल्या बारा निगेटिव्ह म्हणून निश्चिंत होऊ नका. आज ज्यांच्या अंगात जंतू नुकता शिरलाय त्यांचं रक्त अजून बोलत नाही. गाभडल्यावर किंवा वेल्यावर लगेच घेतलेला नमुनाही फसवा निघतो, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यावा. बाराच्या बारा तीस ते साठ दिवसांत परत तपासा आणि लागोपाठ निगेटिव्ह येईपर्यंत तपासत राहा. एका रिपोर्टवर गोठा स्वच्छ ठरत नाही.

चौघींची दावण वेगळी करा. गव्हाण, पाण्याची टाकी, शेण काढायचं फावडं, सगळं वेगळं. धार शेवटी त्यांची. वेणारी प्रत्येक गाय, पॉझिटिव्ह असो वा नसो, वेगळ्या जागी वेऊ द्या, कारण खरा प्रसार वेताच्या वेळी होतो. वार आणि गाभडलेलं वासरू हातमोजे घालून उचला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, जागा फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडरने धुवा. गावचा वळू बंद, कृत्रिम रेतनच. मान्यताप्राप्त केंद्रातल्या वळूंची या रोगासाठी ठरावीक काळाने तपासणी होते, गावच्या वळूची कोण करतं?

विकण्याबद्दल. २००९ चा केंद्राचा प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा आहे. ब्रुसेलोसिस, म्हणजे हाच रोग, त्याच्या अनुसूचीत आहे. मालकाने कळवणं बंधनकारक, आजारी जनावर वेगळं ठेवणं बंधनकारक, आणि रोग ठाऊक असताना बाजारात नेणं निषिद्ध. हे नोकरीत असताना मी कितीदा सांगितलं आणि कितीदा ऐकलं गेलं हे विचारू नका.

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरसाहेब, लय चांगलं समजावलं. पण मले एक सांगा, रोज बेंगॉलमंदी पाच आल्या अन् एलायझात चारच, हे काऊन? पाचवीले रोग हाय का नाही? आमच्या इकडे एकाच्या म्हशीले कॅम्पात पॉझिटिव्ह म्हणले, दुसऱ्या खेपेले निगेटिव्ह. लोक म्हणते हे सगळं थोतांड हाय.

लॅबवाला

हे माझ्या कामाचं, म्हणून सांगतो.

रोज बेंगॉल ही चाळणीची चाचणी. पांढऱ्या टाइलवर रक्तजलाचा एक थेंब, शेजारी तेवढाच अँटिजेनचा थेंब. अँटिजेन म्हणजे मारलेले ब्रुसेला जंतू, गुलाबी रंगात रंगवलेले. दोन्ही फ्रिजमधून काढून आधी खोलीच्या तापमानाला आणायचे, नाहीतर निकाल बिघडतो. काडीने मिसळायचे आणि टाइल हातात धरून चार मिनिटं हळूहळू डोलवायची. रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असतील तर नासक्या दुधासारखे गुलाबी कण फुटून येतात. नसतील तर थेंब एकसारखा गुलाबी राहतो. चारच्या जागी सहा-सात मिनिटं बघत बसलात तर कडेने सुकून खोटे कण दिसायला लागतात. कॅम्पात उन्हात, घाईत हेच होतं.

शिवाय काही दुसरे जंतू बाहेरून ब्रुसेलासारखेच असतात. येर्सिनियाचा एक प्रकार त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडंही इथे कण फोडतात. मोठ्या वयात लस टोचलेली गायही पॉझिटिव्ह दिसू शकते. त्यामुळे चाळणीत अडकलेलं जनावर एलायझाने पक्कं करतात. तुमची पाचवी गाय "संशयित" समजा, वेगळी बांधा, पुढच्या फेरीत बघा. थोतांड नाही हो, दोन चाचण्यांची कामं वेगळी आहेत.

दुधावरचीही एक चाचणी आहे, रिंग टेस्ट. संकलन केंद्रावर फार उपयोगी. नळीत गोठ्याचं एकत्र दूध, त्यात जांभळट-निळ्या अँटिजेनचा थेंब, सदतीस अंशाला तासभर. दुधात प्रतिपिंडं असतील तर रंगलेले जंतू सायीबरोबर वर येतात. वर निळं कडं, खाली दूध पांढरं. नसतील तर दूध निळसर आणि साय पांढरी. एका नळीत अख्खा गोठा तपासून होतो आणि कडं दिसलं की त्याच गोठ्यात रक्ताला जायचं. मात्र कासदाह असेल, चीक मिसळला असेल किंवा आटत आलेल्या गाईचं दूध असेल तर खोटं कडं येतं. जनावरं फार असतील तर एखाद्या गाईची प्रतिपिंडं बाकीच्या दुधात विरून जातात, म्हणून मोठ्या गोठ्याला दूध जास्त घ्यावं लागतं.

धारोष्ण_प्रेमी

आमचे आजोबा रोज पहाटे गाईच्या सडाखाली तांब्या धरून धारोष्ण दूध प्यायचे. नव्वदीपर्यंत काठी नाही. आणि आता तुम्ही लोकांना दुधाची भीती घालताय. सगळा परदेशी कंपन्यांचा लसी खपवायचा धंदा.

शुभांगी_स

आजोबांच्या गाईला रोग नव्हता एवढंच त्यावरून कळतं.

ताप_तपासणारा

मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. धारोष्णवाल्यांशी वाद घालणार नाही, फक्त दूध उकळा म्हणेन. वेगळं काही करायचं नाही, एक उकळी पुरते. डेअरीत पाश्चरायझेशनला बहात्तर अंश आणि पंधरा सेकंद लागतात, त्यातही हा जंतू मरतो. खरवस वाफवलेला असतो, तो खा. आपल्याकडे दूध उकळायची सवय आहे म्हणून शहरातला माणूस वाचतो. गोठ्यातला वाचत नाही, कारण त्याला रोग दुधातून कमी आणि हातातून जास्त होतो. गाभडलेल्या गाईची वार काढताना बोटावर एक चीर असली तरी पुरते. तोंडावर उडालेला थेंब पुरतो. माझ्याकडे येतात ते पशुवैद्यक, त्यांचे मदतनीस, खाटीक, धारा काढणारे गडी आणि घरातल्या बायका.

लक्षणं शुभांगीताईंनी लिहिलीच आहेत. त्यात पुरुषांमध्ये अंडकोषाची सूज घाला. ती लाजेपायी सांगत नाहीत. लागण झाल्यापासून ताप यायला आठवडे, कधी महिने जातात, त्यामुळे गाय गाभडली होती हे पेशंटच्या डोक्यातही नसतं. ताप चढउताराचा. उपचार आहे आणि चांगला आहे: डॉक्सीसायक्लिन सहा आठवडे, जोडीला रिफाम्पिसिन किंवा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शनं. पण ताप दहा दिवसांत जातो आणि माणूस गोळ्या सोडतो. मग तो परत येतो, या वेळी कंबर धरून. मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नका, रिफाम्पिसिन टीबीचं औषध आहे, अर्धवट घेतलंत तर दुसरंच काही झाकलं जाईल.

एक विनंती. रक्त कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) देताना "घरी जनावरं आहेत, ब्रुसेला असू शकतो" असं लॅबला सांगा. कल्चर हाताळणाऱ्याला हवेतून लागण होते, तिथली मुलं आजारी पडतात.

@नीरेकाठचा, वार कुणी काढली होती? मोजे होते?

नीरेकाठचा

पहिल्या गाईची डॉक्टरांनी, खांद्यापर्यंतच्या मोज्यात. दुसरीच्या वेळी रात्र होती, आमचा गडी आणि आई होती. मोजे नव्हते. गडी "पाठ धरलीय" म्हणतोय खरा, पण धारा काढणाऱ्याची पाठ कायमच धरलेली असते. उद्या दोघांना घेऊन जातो.

शेळीपालन_बार्शी

एक बाजू कुणीच बोलत नाही. शेळ्या. केंद्राच्या लसीकरणात ब्रुसेलाची लस गाई-म्हशींच्या मादी वासरांना आहे, शेळ्या-मेंढ्यांना नाही. महाराष्ट्रात शेळ्या कोटीच्या वर. उस्मानाबादी घ्या, संगमनेरी घ्या, बोकड एका कळपातून दुसऱ्या कळपात पैसे घेऊन फिरवतात. माझ्याकडे गेल्या साली एका हंगामात ओळीने शेळ्या गाभडल्या. कुणी म्हणालं ओला चारा, कुणी म्हणालं हरभऱ्याचा घाटा. रक्त तपासायचं कुणाच्या मनात येत नाही, कारण शेळीची किंमत ती काय.

ताप_तपासणारा

बार्शीकर, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. शेळ्या-मेंढ्यांतला ब्रुसेला मेलिटेन्सिस हा माणसाला सगळ्यांत जास्त त्रास देणारा प्रकार. नावातच माल्टा बेट आहे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूसने तिथे तापाने मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू काढला, पण तो येतो कुठून ते कळायला आणखी अठरा वर्षं गेली. १९०५ मध्ये झामिट नावाच्या माल्टीज डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं. धडधाकट, भरपूर दूध देणाऱ्या शेळ्या पॉझिटिव्ह निघाल्या. लष्कराने शेळीचं दूध बंद केलं आणि सैनिकांतला ताप झपाट्याने उतरला. नीरेकाठच्यांची ती वेळेला दहा लिटर देणारी गाय वाचून मला झामिटच्या शेळ्याच आठवल्या.

लॅबवाला

बार्शीकर, एक लक्षात ठेवा, दुधाची रिंग टेस्ट शेळी-मेंढीला चालत नाही. तुम्हाला रक्तावरच जावं लागेल.

गीलाँगकर

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या ऑस्ट्रेलियात डेअरी फार्मवर कामाला. इथे गाईंमधला ब्रुसेला १९८९ पासून नाही. जुने शेतकरी सांगतात, गोठेच्या गोठे तपासले, पॉझिटिव्ह गाय सरळ कत्तलखान्यात आणि मालकाच्या हातात भरपाई. भरपाई होती म्हणून लोक स्वतःहून तपासून घ्यायला तयार झाले. भारतात तसं का करत नाहीत?

निवृत्त_पशुधन

गीलाँगकर, खरी गाठ तिथेच आहे. आपल्याकडे गाय कापता येत नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी आहेच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस प्रमाणपत्रावर कत्तलीला जाऊ शकते. बरोबर की चूक हा माझा विषय नाही. माझा विषय एवढाच की परदेशातली "तपासा आणि काढून टाका" ही पद्धत आपल्याकडे निम्मीच लागू पडते. तपासा लागू पडतं. काढून टाकण्याच्या जागी काय, ते कुणी भरलेलंच नाही. ती रिकामी जागा हेडी भरतो. त्यामुळे मला भीती वाटते ती चाचणी चुकण्याची नाही. चाचणी बरोबर आली की गाय रातोरात दुसऱ्या तालुक्यात जाते, त्याची वाटते. नुसती तपासणी वाढवली आणि पुढची सोय केली नाही, तर आपण रोग शोधून त्याला गाडीभाडं देऊन पाठवतो.

गोशाळेत सोडा म्हणणारेही भेटतील. गोशाळेत दोनशे जनावरं एका पाण्यावर असतात. तिथे ही गाय वेली तर काय होईल याचा विचार करा.

पंचगंगेचा_पैलवान

म्हंजे मी म्हणालो तेच झालं की. शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडलंय.

वऱ्हाडी_ठेचा

गाईले कापू देत नाही तर मंग सांभाळाचे पैसे तरी द्या बाप्पा. बरं, गोवंश कायदा ज्याईनं आणला त्याईले गोठा तरी माहीत हाय का?

संपादक मंडळ

धागा चांगला चालला आहे. गोवंश कायद्याच्या राजकारणासाठी वेगळा धागा आहे, तिकडे जा. इथले पुढचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

निवृत्त_पशुधन

आपल्या देशाने म्हणूनच लसीचा लांबचा रस्ता धरलाय. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेला राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी. ब्रुसेलाची एस-१९ लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदाच. नराला द्यायची नाही. मोठ्या गाईलाही नाही. गाभण असेल तर लसच गर्भ पाडू शकते आणि पुढे तपासणीत लसीची गाय कुठली, रोगाची कुठली हा घोळ होतो.

ही जिवंत जंतूंची लस आहे. टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर माणसाला रोग होतो. माझ्या माहितीतल्या सहकाऱ्यांना झालाय. चीनमध्ये लान्झोऊला २०१९ साली लस बनवणाऱ्या कारखान्यातून जंतू हवेत गेला आणि दहा हजारांवर माणसं बाधित निघाली. तेव्हा कालवड घट्ट धरा, डॉक्टरच्या हाताला हिसका बसू देऊ नका, आणि गोठ्यातल्या पोरांना त्या वेळी लांब ठेवा.

लसीने आज पॉझिटिव्ह असलेली गाय बरी होत नाही. पुढची पिढी वाचते. गावातल्या सगळ्या कालवडी, सगळ्या वगारी (म्हशींच्या मादी पारड्या) दरवर्षी टोचल्या गेल्या तर दहा-पंधरा वर्षांनी फरक दिसेल. "आमची एकच वगार आहे, राहू द्या" म्हणणारा घरटी एक असतो.

शुभांगी_स

मला एक सुचतं. १ जून २०२४ पासून राज्यात कानाला बिल्ला नसलेलं जनावर विकता येत नाही. बारा आकडी नंबर आहे, त्यावर लसीकरणाची नोंद होते. मग त्याच नंबरावर ब्रुसेलाचा निकाल का दिसू नये? विकत घेणाऱ्याने मोबाईलवर नंबर टाकला की कळावं. भावाला ते कळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पंचगंगेचा_पैलवान

ताई, मग कोण रक्त देणार तपासायला? नंबरावर एकदा पॉझिटिव्ह चढलं की गाय मातीमोल. लोक गोठ्याचं दार लावून घेतील.

निवृत्त_पशुधन

दोघंही बरोबर आहात. नोंद पाहिजे आणि नोंदीबरोबर पैसे पाहिजेत. एक असून दुसरं नसेल तर पैलवान म्हणतात तसंच होणार. तोवर घेणाऱ्याने करायचं ते सांगतो. नवी गाय आणली की थेट दावणीला बांधू नका. महिनाभर वेगळी ठेवा, आल्या आल्या रक्त द्या, महिन्याने पुन्हा द्या. व्यवहारच करायचा तर विसार देताना "रक्त निगेटिव्ह आलं तर बाकी रक्कम" असं बोला. सगळे हेडी तयार होणार नाहीत, पण जो ताडकन नाही म्हणतो त्याच्याबद्दल तरी काही कळतं.

वऱ्हाडी_ठेचा

हे झकास. पण रक्त घ्याले डॉक्टर गावात येते का?

निवृत्त_पशुधन

१९६२ वर फोन करा, फिरतं पथक येतं. नाहीतर तालुक्याच्या दवाखान्यात अर्ज द्या, सोबत गाभडलेल्या जनावरांचे बिल्ला नंबर लिहा. "माझ्या गोठ्यात ओळीने दोन गाभडल्या" हे वाक्य अर्जात पाहिजेच, त्याशिवाय हलत नाहीत. खाजगी डॉक्टरांकडूनही नमुने पाठवता येतात. साध्या नळीत रक्त, गोठू द्यायचं, वरचं रक्तजल वेगळं काढून थंड पाठवायचं. हलवत हलवत उन्हातून नेलं की तांबड्या पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो.

नीरेकाठचा

सर्वांचे आभार. काय काय झालं ते लिहितो.

गड्याची आणि आईची रक्ततपासणी केली. आई निगेटिव्ह, तिला महिन्याने परत बोलावलंय. गडी पॉझिटिव्ह. सहा आठवड्यांच्या गोळ्या सुरू आहेत, खर्च माझ्याकडे. गोळ्यांचं पाकीट गोठ्यातच खिळ्याला लावलंय, धार झाली की माझ्यासमोर घेतो. ताप गेल्यावर एकदा म्हणालाच, "आता बरं हाय, कशाला गोळ्या." ताप_तपासणारांचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला.

चार गाई मळ्यातल्या जुन्या छपरात हलवल्या. विकल्या नाहीत. हेडी दोनदा येऊन गेला, दुसऱ्यांदा भाव वाढवून. त्यातल्या दोन गाभण आहेत, तिथेच वेतील. त्या वेतानंतर दूध परवडेल तोवर ठेवू, मग भाकड सांभाळायचा खर्च डोक्यावर आहेच. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

डेअरीला दूध घालतो. संकलन केंद्रावर सांगितलं. केंद्रचालक आधी तोंड वाकडं करून बघत होता, म्हणाला, "दूध सगळं पाश्चराइजच होतं, पण तुम्ही हे बोललात कशाला?" घरच्या रतीबाची मात्र तीन घरं बंद केली. त्यांच्यात एक बाळंतीण आहे, तिच्या सासूला कच्च्या दुधाची धार बाळाच्या डोळ्यांत घालायची सवय.

राहिलेल्या बारांची दुसरी फेरी परवा झाली. पाचवी, ती संशयित, निगेटिव्ह. पण एक नवी पॉझिटिव्ह आली, पहिल्या गाभडलेल्या गाईच्या समोरच्या गव्हाणीची. तीही मळ्यात गेली.

डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. वेळेला दहा लिटरवालीची एक कालवड आहे, साडेपाच महिन्यांची. रक्त निगेटिव्ह. तिला लस द्यायची का? आणि ती ठेवण्यासारखी आहे का?

निवृत्त_पशुधन

लस द्या, वय बसतंय. बिल्ला नंबरावर नोंद झाली की नाही ते तिथल्या तिथे मोबाईलवर बघून घ्या, "नंतर चढवतो" म्हणाले तर चढत नाही. आता तिला आईचं दूध चालू असेल तर उकळून, गार करून द्या किंवा बंदच करा.

ठेवायचं म्हणाल तर, पॉझिटिव्ह आईच्या काही कालवडी पोटातूनच जंतू घेऊन येतात आणि रक्तात काहीच दाखवत नाहीत. गाभण राहून पहिल्या वेताला आल्या की मग उघड होतं. तिला घरच्या दावणीत वाढवा, पण वेणं वेगळ्या जागी, आणि वेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी रक्त घ्या. ते निगेटिव्ह येईपर्यंत तिला विकू नका, कुणाला देऊही नका.